मोटारीचा आंस आणि घरचे हात

घरची पिकअप मोटार नादुरुस्त झाली तर ती घरींच उघडावी काय, हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं निघत असतो. मागील चाकाचें बेअरिंग गेलें कीं तो अधिकच निकडीचा होतो. कारण गाडी उभी राहिली म्हणून शेतांतील माल थांबत नाहीं, तो नासतो. नारायणगांवच्या बाजारांत पहांटे पोंचावयाचे टोमॅटो दोन दिवस अंगणांतच राहिले, तर त्यांस गिऱ्हाइक कोण मिळणार? या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे कीं, हें काम घरीं अवश्य करावें. मात्र त्यांतील एक भाग घरीं करूं नये. या दोन्ही गोष्टी आम्ही कां म्हणतों, तें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम हें चाक फिरतें कसें तें पाहूं. बैलगाडीचा आंस स्थिर असतो व चाक त्याभोंवतीं फिरतें. वंगण कितीही घातलें तरी तेथें घासणें चुकत नाहीं. पिकअपच्या मागील चाकांची गोष्ट निराळी. मधल्या दंतचक्रांच्या पेटींतून इंजिनाची शक्ति दोन दांड्यांवाटे दोन चाकांस पोंचते, म्हणजे येथें आंसाचा दांडाच फिरतो. या दांड्यास मिस्त्री लोक ॲक्सल म्हणतात. त्याच्या बाहेरील टोंकाशीं बेअरिंग असतें. पृष्ठभाग एकमेकांवर घासण्याऐवजीं मधल्या पोलादी गोळ्यांवर किंवा रुळांवर लोळले म्हणजे घर्षण पुष्कळ कमी होतें, हें त्याचें साधें तत्त्व. वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं गाडीच्या आंसाकरितां गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. अमेरिकेंत गाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन यानें १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. पुढें १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी मोटारीस मागें माल ठेवण्याची पेटी लावून ती विक्रीस काढली. हीं सर्व मंडळी हातानें काम करणारीं व डोक्यानें विचार करणारीं होतीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हलक्या पिकअपमध्यें हा दांडा बहुधा दोन कामें करतो: तो चाक फिरवितो आणि गाडीचें ओझेंही पेलतो. मोठ्या मालट्रकांत ओझें बाहेरच्या नळीवर असतें व दांड्यास केवळ फिरविण्याचें काम उरतें. म्हणून पिकअपचें बेअरिंग जाणें ही नुसती आवाजाची कटकट नव्हे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवतांना हें चाक मिनिटास सुमारें ४५० फेरे करतें. खरवडलेलें बेअरिंग इतके फेरे घेतां घेतां तापतें, ऑइल सील निकामी करतें, आणि मग पेटींतील तेल ब्रेकच्या ड्रमांत उतरून ब्रेक धरीनासा होतो. कांहीं रचनांत बेअरिंगचे रूळ थेट दांड्यावरच फिरतात. तेथें दांडाही खाल्ला जातो व तो बदलावाच लागतो. असा दांडा वाटेंत मोडला, तर चाक दांड्याच्या तुकड्यासह बाहेर निघून येऊं शकतें. मागून सायकलवर येणाऱ्या मुलाचा त्यांत काय अपराध?

"ज्याचें काम त्यानेंच करावें, आपण उगीच कां हात काळे करा?" असें कित्येक पालक म्हणतील. मिस्त्रींच्या कौशल्याविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु आपल्या यंत्राविषयीं अज्ञानी राहणें हा कांहीं त्यांचा सन्मान नव्हे. एका दुरुस्तीगृहांत नवें बेअरिंग घालून सील मात्र जुनेंच ठेवल्याचें आम्हीं पाहिलें आहे. महिन्याभरांत ब्रेकवर तेल उतरलें. "सील बदललें काय?" एवढा प्रश्न मालकास विचारतां आला असता, तर तो संकटांतून वांचता. शिवाय रोग प्रथम ओळखावयाचा तो मालकानेंच. वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि चाकाच्या आंतल्या बाजूस तेलाचे ओघळ, हीं त्याचीं लक्षणें. गाडी उजवीकडे वळतांना ओझें डाव्या चाकावर जातें. त्या वेळीं आवाज वाढला, तर संशय बहुधा डाव्या बेअरिंगचा.

आतां कामाविषयीं. जमीन सपाट व टणक असावी. पुढील चाकांस अटकाव लावावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावे, आणि ती उचलल्यावर भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही जाऊं नये. या एका नियमास अपवाद नाहीं. ब्रेकच्या ड्रमांतील धूळ फुंकूं नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्यानें पुसावी. पुढें रचना दोन प्रकारच्या आढळतात. एकींत ड्रममागील पट्टीचे नट सोडले कीं दांडा बेअरिंगसह बाहेर येतो. दुसरींत मधली पेटी उघडून दांड्याच्या आंतील टोंकाची खीळ काढावी लागते. आपली रचना कोणती, हें गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहूनच हात घालावा.

पहिल्या प्रकारांत बेअरिंग दांड्यावर घट्ट दाबून बसविलेलें असतें, आणि येथेंच घरच्या हातांनीं थांबावें. तें काढण्यास व बसविण्यास कित्येक टनांचा दाब देणारें यंत्र लागतें. हातोड्यानें ठोकल्यास घाव गोळ्यांवर बसतो, त्यांच्या वाटेस खांचा पडतात, आणि नवें बेअरिंग एक मैलही न धांवतां जुनें होतें. दांडा हातांत घेऊन प्रेस असलेल्या कारखान्यांत जावें, दाब आंतल्या कड्यावरच दिला जातो ना हें पाहावें, व घरीं परतून उरलेलें काम पुरें करावें. आपली मर्यादा ओळखणें हाही कौशल्याचाच भाग आहे, असें आमचें मत आहे.

जोडणी करतांना सील नवेंच घालावें, तेल ठरलेल्या पातळीपर्यंत भरावें, ब्रेकची नळी सोडली असल्यास तिच्यांतील हवा काढावी, आणि नट पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावे. प्रथम रिकामी गाडी हळू चालवून ब्रेक पारखावा, व थोड्या अंतरानंतर चाकाचे नट पुन्हां तपासावे. जुनें तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यांत ओतूं नये. तें डब्यांत भरून तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, असें काम निघेल तेव्हां मुलांस व मुलींसही तेथून हांकलूं नये. त्यांच्या हातीं दिवा द्यावा आणि कोणता भाग कोणत्या क्रमानें निघाला, तें वहींत लिहून घेण्याचें काम सोंपवावें. विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे कीं, घर्षणाचा धडा परीक्षेपुरता पाठ करणारा तो परीक्षेबरोबर विसरतो. परंतु झिजलेल्या दांड्यावरून ज्यानें एकदां नख फिरविलें, त्यास तो जन्मभर आठवतो. काळे झालेले हात साबणानें तासाभरांत स्वच्छ होतात. कामाचा कंटाळा मात्र एकदां अंगीं मुरला, तर तो धुण्यास कोणताही साबण पुरा पडत नाहीं.