काय दिवे लावणार?

डिसेंबर २०२३ मधील नागपूरचे हिवाळी अधिवेशन. संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय चर्चेला आला आणि सत्ताधारी बाकांवरून प्रतिप्रश्न आला, ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ गदारोळ झाला, टीका झाली, खुलासे झाले आणि नेहमीप्रमाणे विषय मागे पडला. त्या उद्गारावर संतापणाऱ्यांत सुशिक्षित मध्यमवर्ग आघाडीवर होता. परंतु हाच प्रश्न त्या मध्यमवर्गाच्या घरोघरी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, कितीतरी वर्षांपासून विचारला जात आहे. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाली आहे. तिला पुढे संशोधन करायचे आहे. वडील विचारतात, ‘आणखी पाच वर्षे?’ आई विचारते, ‘मग लग्नाचे काय?’ काका सुचवतात, ‘त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे.’ शब्द निराळे, प्रश्न तोच. सभागृहातील एका वाक्यावर रागावणे सोपे असते. आपल्याच घरातील त्या वाक्याचे प्रतिध्वनी ऐकणे अवघड असते.

या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते पुण्यात उभे आहे. १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था वर्षानुवर्षे प्रसिद्धीच्या झोतापासून दूर राहून काम करीत होती. २०२० मध्ये महामारी आली, तेव्हा याच संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. तो भारत बायोटेककडे सुपूर्द झाला आणि ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिन या स्वदेशी लशीच्या आपत्कालीन वापराला मान्यता मिळाली. विषाणू हाताळू शकणारी माणसे महामारीच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात देऊन मिळत नाहीत. ती पंधरा-वीस वर्षे आधी घडवावी लागतात आणि त्यांच्या घडणीचे पहिले पाऊल म्हणजे कुणीतरी भरलेला पीएचडी प्रवेशाचा अर्ज असतो. दिवे असे लागतात. वात आधी वळून ठेवावी लागते.

एका अर्जाची गोष्ट

अशाच एका अर्जाची कहाणी महाराष्ट्राने विसरू नये. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत अग्रस्थान मिळवणाऱ्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी. धाकट्या पिढीने त्याच वाटेने जावे, यात नवल काहीच नव्हते. परंतु संस्थेचे संचालक नोबेल विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई नकार घेऊन घरी बसल्या नाहीत. त्या बंगळुरूला जाऊन संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण त्यांनी रोखठोक विचारले. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक ठरले तरच पुढचा विचार होणार होता.

ही अट अन्यायाचीच होती. कोणत्याही पुरुष विद्यार्थ्यावर ती लादली गेली नव्हती. कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर वर्षभर काम केले आणि त्या कामानेच रामन यांचे मत बदलले. पुढे त्या संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, त्या भारतात परतल्या आणि कमला सोहोनी या नावाने नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेले काम देशभर वाखाणले गेले. विद्यापीठातील पहिला क्रमांक जे दार उघडू शकला नव्हता, ते दार प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर केलेल्या कामाने उघडले. संशोधकाची खरी पारख कशाने होते, याचे उत्तर या प्रसंगात आहे. नव्वद वर्षांनंतरही आपली प्रवेशव्यवस्था ते शिकलेली नाही.

सत्तर विरुद्ध तीस

आजच्या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. जीवशास्त्राच्या कोणत्याही शाखेत पीएचडी करू इच्छिणाऱ्याला सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’, आयसीएमआरची परीक्षा, गेट, टीआयएफआर आणि एनसीबीएस यांसारख्या संस्थांसाठीची ‘जेगीबिल्स’ अशा परीक्षांच्या जंजाळातून जावे लागते. प्रत्येकीचे शुल्क वेगळे, वेळापत्रक वेगळे, अभ्यासक्रमाचा रोख वेगळा. यांपैकी नेट सर्वाधिक प्रचलित आहे. तीन तास, दोनशे गुण, पर्यायी उत्तरांचे प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. त्यातील तिसऱ्या भागात विश्लेषणाचा कस लागतो, हे मान्य केले पाहिजे. पण चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणे आणि ज्याचे उत्तर अद्याप कुणालाच ठाऊक नाही असा प्रश्न विचारणे, या दोन भिन्न शक्ती आहेत. संशोधनाला दुसरी शक्ती लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेला सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के भार दिला. २०२४ मध्ये जेआरएफ न मिळालेल्या, पण पीएचडीसाठी पात्र ठरलेल्या उमेदवारांबाबतही नेटच्या गुणांना सत्तर आणि मुलाखतीला तीस हेच प्रमाण ठरवण्यात आले. म्हणजे बहुतांश निकाल मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वीच लागलेला असतो. शिवाय एकाच परीक्षेवर इतका भार टाकला की ती परीक्षा डळमळताच सारी इमारत डळमळते. १८ जून २०२४ रोजी झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि त्यापाठोपाठ त्याच महिन्यात होणारी सीएसआयआर-यूजीसी नेट ऐनवेळी पुढे ढकलून जुलैच्या अखेरीस घ्यावी लागली. वर्षभर तयारी केलेल्या मुलांचे प्रवेशाचे वेळापत्रक त्यात कोलमडले.

मुलाखतीत काय घडते? ग्लायकोलिसिसमधील दहाही विकरांची नावे क्रमाने सांगणारा विद्यार्थी समोर बसलेला असतो. त्याला विचारले जाते, ‘एखाद्या प्रथिनाचे जनुक पेशीतून काढून टाकले आणि पेशीत काहीच फरक दिसला नाही, तर तुम्ही काय म्हणाल?’ तो गोंधळतो आणि उत्तरतो, ‘म्हणजे त्या प्रथिनाला काही काम नाही.’ कदाचित दुसरे एखादे प्रथिन त्याची जागा भरून काढत असेल. कदाचित पेशीला उपाशी ठेवले, तापवले, तरच फरक दिसेल. कदाचित जनुक नीट काढलेच गेले नसेल. या शक्यता पुस्तकातून सुचत नाहीत. फसलेल्या प्रयोगासमोर रात्री उशिरापर्यंत बसलेल्यालाच त्या सुचतात. हा विद्यार्थी मंद नाही. त्याला तशी संधीच कुणी दिलेली नाही. जिल्ह्याच्या गावी एमएस्सी करताना त्याने मायक्रोपिपेट हाती धरले असेल ते प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. त्याच्या प्रबंधाचा विषय मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून वारसाहक्काने आला असेल.

वशिल्याची भीती आणि तिचे उत्तर

२०१७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांतील अभ्यासकांनी आपल्याच जीववैद्यक शाखांतील पीएचडी विद्यार्थ्यांची वाटचाल तपासली. प्रवेशाच्या वेळी जीआरई परीक्षेत मिळालेले गुण आणि पुढील संशोधनातील यश यांचा ठोस संबंध त्यांना आढळला नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासात मुलाखतीचे गुणही उपयोगी ठरले नाहीत. ज्यांनी त्या विद्यार्थ्याला आधी काम करताना पाहिले होते, त्यांनी केलेली पारख तेवढी खरी ठरली. हे विद्यार्थी आधीच निवडून आलेले होते, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागेल. तरीही तेथील अनेक जीवशास्त्र विभागांनी त्यानंतर जीआरईची सक्ती काढून टाकली. अमेरिकेने केले म्हणून आपण करावे, असे मुळीच नाही. पण बंगळुरूच्या प्रयोगशाळेत १९३३ साली जे सिद्ध झाले, तेच तेथील अभ्यासकांच्या हाती लागावे आणि आपण मात्र परीक्षेची टक्केवारी वाढवत राहावे, हा उलटा न्याय झाला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. परीक्षा निदान आंधळी असते. ती उमेदवाराचे आडनाव पाहत नाही, गाव पाहत नाही. शिफारसपत्रांना महत्त्व दिले, तर वशिल्याला राजमार्ग मिळेल. ज्याची ओळख आहे तो आत जाईल आणि गरीब, खेड्यातील विद्यार्थी बाहेर राहील. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच परीक्षा रद्द करा, असे कोणताही जबाबदार माणूस म्हणणार नाही. परीक्षा उंबरठा म्हणून राहावी. तो ओलांडल्यानंतर निवड कामावरून व्हावी. एनसीबीएससारख्या संस्थेत पहिल्या वर्षी विद्यार्थी निरनिराळ्या प्रयोगशाळांत काही काळ काम करतात आणि मगच मार्गदर्शक निश्चित होतो. त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांची पारख करता येते. ही पद्धत राज्य विद्यापीठांत का येऊ नये? आणि विचार केला तर आजची व्यवस्था तरी कुठे आंधळी आहे? हजारो रुपये भरून क्लास लावता येणाऱ्याला ती झुकते माप देतेच. फक्त तो वशिला पैशाचा असल्यामुळे त्याला गुणवत्ता हे नाव मिळाले आहे.

केवळ शासनाला दोष देऊन भागणार नाही

शासनाच्या पदरी दोष आहेतच. भारताचा संशोधन आणि विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. जेआरएफची रक्कम २०१९ मध्ये ३१ हजार आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार रुपये झाली. यांतील २०१९ ची वाढ संशोधक विद्यार्थी देशभर रस्त्यावर उतरल्यानंतर पदरात पडली. ही रक्कमही वेळेवर मिळत नाही, ही तक्रार जुनीच आहे. ज्याच्या घरी शेती पावसावर आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याने सहा महिने उसनवारीवर प्रयोग करावेत, ही अपेक्षा क्रूरपणाची आहे. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. त्याचा ओलावा मोठ्या संस्थांच्या भिंतींपलीकडे, जिल्ह्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचतो की नाही, यावरच त्याची परीक्षा होईल.

परंतु समाजाचे काय? मुलाला अभियांत्रिकीच्या क्लासला घालताना पालक वर्षभर चौकशी करतात. फी, निकाल, शिक्षक, वसतिगृह, सारे पारखून घेतात. तोच मुलगा पीएचडीचा अर्ज भरतो, तेव्हा त्याचा मार्गदर्शक कोण, त्याच्या हाताखाली आधीचे किती विद्यार्थी वेळेत पूर्ण झाले, ते पुढे कुठे गेले, प्रयोगशाळेत साहित्याला पैसा आहे का, यांपैकी एकही प्रश्न घरात विचारला जात नाही. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात, एवढा नियमही अनेकांना ठाऊक नसतो. पाच वर्षे ज्याच्या सावलीत काढायची, त्या माणसाची निवड ‘जागा रिकामी होती’ एवढ्या आधारावर होते. मग विद्यार्थी खचतो, मधेच सोडतो आणि घरचे म्हणतात, ‘आम्ही तेव्हाच सांगितले होते.’

करण्याजोगे खूप आहे आणि त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. भारतातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देते. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयातून किती जणांनी त्यासाठी अर्ज केला, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयसर, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. मुंबई परिसरात टीआयएफआर आणि खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ आहे. तेथे काम करणारे मराठी संशोधक आपापल्या गावी दिवाळीला येतातच. त्यांच्यासोबत गावच्या महाविद्यालयात एक दुपार घडवून आणणे कठीण नाही. अर्ज कधी भरायचे, मार्गदर्शक कसा पारखायचा, मुलाखतीत ‘ठाऊक नाही, पण असे शोधून पाहीन’ हे उत्तर किती मोलाचे असते, हे त्या दुपारी मराठीतून सांगितले गेले, तर कितीतरी मुले वाया जाण्यापासून वाचतील. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला स्थान दिले आहे. तो खरा होतो की झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होतो, याची चौकशी पालक-शिक्षक सभेत व्हायला हवी.

आणि घरातील त्या जेवणाच्या वेळी मुलीने ‘मला संशोधन करायचे आहे’ असे म्हटले, तर तिला पहिला प्रश्न असा विचारावा, ‘कशावर?’ तिच्यापाशी उत्तर असेल, तर ते शांतपणे ऐकावे. नसेल, तर ते शोधायला तिला वर्षभराची सवड द्यावी. काय दिवे लावणार, हे विचारण्याचा अधिकार ज्यांनी तेल-वातीची सोय केली, त्यांनाच आहे.