डोक्यातली कळ लाजेपायी लपवू नका

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. लैंगिक आरोग्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा. कोर्टात कर्व्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण शरीराबद्दल विचारण्यात आणि सांगण्यात लाज कसली, हा त्या खटल्यातला प्रश्न आमच्या वस्त्यांत आजही तसाच पडून आहे. त्या लाजेपायी जीवही जाऊ शकतो, म्हणून आज हा विषय.

शरीरसंबंधाच्या वेळी काहींचं डोकं आणि मान दुखते. कुणाला उत्तेजना वाढते तशी मान-जबडा आवळल्यासारखं होऊन मंद ठणका लागतो. कुणाला ऐन क्षणी डोक्यात वीज पडल्यासारखी कळ येते. पुरुषांत हे जास्त दिसतं, बायकांनाही होतं. जड मेहनतीनेही असंच होतं. कांद्याच्या गोण्या उचलणारा हमाल, भरतीसाठी उन्हात पळणारी पोरं, यांचं डोकं ठणठणू शकतं. पैठणीच्या मागावर दिवसभर वाकून दुखणारी मान वेगळी. ती हळूहळू दुखायला लागते.

तपासणीत दुसरं काही निघालं नाही, तर हे दुखणं बहुतेकदा निरुपद्रवी असतं. काही आठवडे-महिने येतं आणि जातं. त्यावर औषधंही आहेत. हे पाप नाही, कुणाची नजर नाही, ‘कमजोरी’ही नाही.

पण पहिल्यांदाच, अचानक, मिनिटभरात टोकाला पोचणारी कळ आली, तर ती मेंदूभोवतीचा रक्तस्रावही असू शकते. रक्तवाहिनीला आलेला फुगा जोर पडला की फुटतो. बीपी आणि विडी-सिगारेट या दोन्हींनी हा धोका वाढतो. सोबत उलटी, मान आखडणं, चक्कर येऊन पडणं, झटका, एक दिसायचं ते दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका. यातलं काही नसलं, तरी अशी पहिली कळ त्याच दिवशी दाखवायलाच हवी. १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन पहिल्या सहा तासांत झाला तर रक्तस्राव सहसा सुटत नाही. येवल्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर; त्यामुळे ‘सकाळी बघू’ म्हणणं परवडणारं नाही. मेडिकलमधून ॲस्पिरिनसारखी गोळी आणून गिळू नका, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. मेहनतीबरोबर दरवेळी डोकं दुखतं, विसावलं की थांबतं आणि छातीही भरून येते, असं असेल तर हृदय तपासून घ्या.

आता खरा अडसर. माणूस दवाखान्यात जातो आणि ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगतो. डॉक्टर पित्ताची गोळी देतात, मोकळे होतात. कळ कधी आणि काय करताना आली, हेच निदानाचं टोक असतं आणि तेच घरी राहतं. लपवून घेतलेल्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांनीही डोकं दुखतं. तेही सांगितलं जात नाही. बाईची तर आणखी पंचाईत. ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, आणि पुढच्या वेळी नको म्हणाली तर घरात भांडण.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. चार माणसांसमोर विचारलं तर कोण सांगेल? आमची मागणी साधी आहे. डॉक्टरांनी रुग्णाला बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून, ‘कळ काय करताना आली?’ हे विचारावं. आशाताईंनी बायकांच्या बैठकीत हा विषय काढावा. आणि तुम्ही एकच वाक्य पाठ करा: ‘डॉक्टर, संबंधाच्या वेळी अचानक डोक्यात कळ आली.’ एवढं बोलायला हिंमत लागते, हे आम्हाला कळतं. ती आपल्यात आहे. नवऱ्याने बायकोसाठी आणि बायकोने नवऱ्यासाठी ते बोलावं.

जय भीम!