किल्लारी, केडगाव आणि शेवटचा काळ



सोयाबीन पाण्यात उभे राहिले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले की इस्लापूरच्या बाजारात कुणीतरी म्हणतेच, ‘आता जग बुडायची वेळ आली.’ ख्रिस्ती घरांत या बोलण्याला पवित्र शास्त्राचा आधारही असतो. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशूने लढाया, दुष्काळ आणि भूकंप यांची नावे घेतली आहेत. पण ते भाकीत अजून व्हायचे आहे, की होऊन गेले?

त्याच अध्यायात येशू सांगतो की हे सारे त्या पिढीच्या हयातीतच घडेल. आणि इसवी सन 70 मध्ये तीताच्या रोमन फौजेने यरुशलेमला वेढा घातला, शहर उपासमारीने खंगले, मंदिर जळाले. योसेफस या ज्यू इतिहासकाराने ते सविस्तर लिहून ठेवले आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकातला 666 हा आकडाही त्याच काळाकडे बोट दाखवतो, तो म्हणजे नीरो बादशहाच्या नावातील हिब्रू अक्षरांची बेरीज, असे अनेक अभ्यासक मानतात. उलट, ‘मुख्य घटना पुढेच आहेत’ हा विचार एकोणिसाव्या शतकात जॉन डार्बी यांनी जोरात मांडला आणि तो जगभर पसरला. मत्तयापुरते आम्हाला ‘भाकीत होऊन गेले’ हे म्हणणे पटते. मात्र येशूचे पुनरागमन आणि न्यायही उरकला, असे म्हणणाऱ्यांबरोबर आम्ही जाणार नाही. चर्चच्या विश्वासांगीकारात त्या पुनरागमनाची आशा आजही उच्चारली जाते.

आपल्या मराठी मुलखात हा प्रश्न पुस्तकाबाहेर आला तो पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात. जून 1905 मध्ये तिथल्या मुली प्रार्थना करता करता रडू लागल्या, मोठमोठ्याने पापे कबूल करू लागल्या. योएल संदेष्ट्याने सांगितलेला आत्म्याचा वर्षाव झाला, असे पेत्राने पन्नासाव्या दिवशीच जाहीर केले होते. तोच वर्षाव आता आपल्यावर होतो आहे, अशी मुक्तीतल्या माणसांची खात्री होती. म्हणजे पुरे झालेले भाकीत त्यांच्या लेखी संपलेले नव्हते. रमाबाईंनी यातल्या कित्येक मुली दुष्काळातून उचलून आणल्या होत्या. रमाबाई जगाच्या शेवटाची तारीख काढत बसल्या नाहीत. त्यांनी मुलींना शिकवले, छापखाना चालवला, आणि 1922 मध्ये देह ठेवीपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराला वाहून घेतले.

भूकंपाकडेही असेच पाहायला हवे. किल्लारीच्या भूकंपात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गणेश विसर्जन आटोपून निजलेली माणसे गेली, ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. त्या भूकंपाला नुसती शेवटच्या काळाची खूण म्हणून मोकळे होणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे. भिंती कशा बांधल्या होत्या, हे विचारलेच पाहिजे.

तेव्हा कुणी जगबुडीची तारीख घेऊन दारात आले, तर त्याला बसवून घ्या, चोविसावा अध्याय सोबत वाचा, आणि तिथे थांबू नका. पंचविसावाही वाचा. न्यायाच्या दिवशी काय विचारले जाणार, ते तिथे स्पष्ट लिहिले आहे: भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याला भेटायला गेलात का.



– संपादक