डिमसम आणि फुनके

हाँगकाँगकडे डिमसम सकाळी किंवा दुपारी, चहाबरोबर गप्पा मारत खातात. त्या प्रकाराचं नावच मुळी 'याम चा', म्हणजे चहा पिणं. लंडनचं याउआचा २०११ साली बीकेसीत आलं, आणि मोमो तर आता अकोल्यातही गाडीवर मिळतात. शहरी हॉटेलांत मात्र डिमसम रात्री, मंद दिव्यांत, कॉकटेलबरोबर! तरी मी आवडीने खातो. कोळंबीच्या 'हार गाव'चं ते आरपार दिसणारं आवरण जमवणं म्हणजे खायचं काम नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. आमच्या ऑफिसातली अमरावती-अकोल्याची मंडळी डिमसमची नावं घडाघडा सांगतात, आणि डब्यात फुनके असले की झाकण अर्धवटच उघडतात. अरे, तुरीची डाळ भिजवून, भरड वाटून, चाळणीवर वाफवायची आणि कढीबरोबर हाणायची, यात लाजण्यासारखं काय आहे?

आईला पुण्यात डिमसम खाऊ घातले. टोपलीचं झाकण काढताच म्हणाली, "हे तं पोळीत गुंडाळलेले फुनकेच हायेत ना बाप्पा! कढी कुठी हाय?"

वेटरने सोया सॉस पुढे केला. तिने तो बाजूला सारला. चहा मात्र दोनदा मागवला.