पुष्पकाचे नव्वद घोडे

काशीचा बालाजी घाट म्हटलं की उस्ताद बिस्मिल्ला खाँ आठवतात. इथल्याच बालाजी मंदिरात त्यांच्या सनईचा रियाज चाले. आता पायऱ्यांवर बसलं की कानी पडते मोटारबोटींची फटफट. ती ऐकताना एक बाळबोध प्रश्न पडतो. असंच एखादं इंजिन छोट्या विमानाला बसवलं तर?

नाही चालणार, मंडळी! बोटीच्या इंजिनाचा भार गंगामाई पेलते. विमानाच्या इंजिनाला मात्र आधी स्वतःचंच ओझं उचलावं लागतं. तिथे हिशेब किलोकिलोचा!

हा हिशेब एका मराठी माणसाने मांडला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या घाटग्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘पुष्पक’ तयार झालं. फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं हे दोन आसनी विमान १९५८ साली उडालं. त्याचं इंजिन ९० अश्वशक्तीचं आणि वजन सुमारे ८५ किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढं!

हे जमलं कसं? रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरांना बाहेरून पातळ पात्यांच्या झालरी. समोरून येणारा वाराच त्यांना थंड ठेवतो. कंजुषी नाही ती फक्त ठिणगीच्या बाबतीत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक रुसला तरी दुसरा इंजिन चालू ठेवतो. आकाशात गाडी रस्त्याकडेला घेता येत नाही ना!

सल एवढाच, की पुष्पक आपलं, इंजिन मात्र अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीचं. २०२१ साली बंगळूरहून उडालेल्या नव्या ‘हंसा’चं इंजिनही ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं. मोठं विमान सोडा, छोट्यासाठीही हात पसरायचा?

उत्तराची एक वाट आपल्या नगरमधून, आताच्या अहिल्यानगरमधून गेली आहे. तिथल्या लष्करी वाहन संशोधन संस्थेने बंगळूरच्या शास्त्रज्ञांसोबत ५५ अश्वशक्तीचं, जेमतेम ३० किलोचं इंजिन घडवलं. यात वरखाली करणारे पिस्टन नाहीत, गरगर फिरणारा तिकोनी रोटर आहे. २००९ साली या इंजिनावर ‘निशांत’ हे वैमानिकाविना उडणारं विमान कोलारला उडालं.

आता अशाच एखाद्या नगरी इंजिनाच्या भरवशावर माणूसही उडावा. घाटग्यांचा अर्धा राहिलेला हिशेब त्या दिवशी पूर्ण होईल!