टेलच्या शेतकऱ्याचा हक्क

वेगाने पुढे जाणाऱ्या देशापुढचे प्रश्न बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जवळून दिसतात. नीरा डाव्या कालव्याने इथे ऊस आणला. उसाने सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने उभे केले. एमआयडीसी आली, विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था आली. आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते. हे कर्तृत्व वादातीत आहे.

पण त्याच बारामतीत सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतो. कालव्याकाठच्या रानात वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने मीठ फुटते, माती पांढरी पडते, ऊस खुरटतो. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणासाठी इंदापूरच्या गावांनी घरे आणि काळीभोर जमीन दिली. आज त्याच जलाशयात पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उतरते. त्याची झळ काठावरच्या मच्छीमाराला बसते.

उत्पन्न वाढले, वाटप सुधारले नाही. म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पाण्याचे आवर्तन टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू करावे. नव्या उसाला ठिबक आणि खारावलेल्या जमिनीला निचरा प्रणाली यांसाठी सरकार व कारखान्यांनी मिळून पैसा द्यावा. शहरांनी सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, त्यात कसूर करणाऱ्या महापालिकांवर कठोर कारवाई व्हावी. विकासाची किंमत एकाने मोजायची आणि फळ दुसऱ्याने चाखायचे, हा अन्याय थांबलाच पाहिजे.