हाडांच्या ठिसूळपणावर गोळी, सलाईन की इंजेक्शन?

अम्मी किंवा नानी घरातल्या घरात घसरते आणि मनगट मोडते. प्लास्टर निघते, कॅल्शियमच्या गोळ्या संपतात आणि विषयही संपतो. एवढ्याशा धक्क्याने हाड मोडले कसे, हे कोणी विचारत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रीची हाडे झपाट्याने विरळ होतात. असे मोडलेले मनगट म्हणजे पुढे मणका किंवा खुबा मोडण्याचा इशारा असतो. आमच्या मते डेक्सा तपासणीचा आणि औषधाचा विषय त्याच वेळी काढायला हवा.

मग प्रश्न येतो, कोणते औषध चांगले? मोठ्या चाचण्यांचे आकडे पाहू. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सर्वांत जुनी आणि स्वस्त. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांत औषधाविना १०० पैकी १५ स्त्रियांचा नवा मणका मोडला, अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत ८ जणींचा. वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनेटच्या २००७ च्या चाचणीत हे प्रमाण सुमारे ११ वरून ३ वर आले. सहा महिन्यांनी टोचायच्या डेनोसुमॅबच्या २००९ च्या चाचणीत ७ वरून २ वर.

यावरून गोळी कमी गुणाची ठरवू नका. पहिल्या चाचणीतल्या स्त्रियांचा एक तरी मणका आधीच मोडलेला होता. बाकी दोन चाचण्यांत तशी अट नव्हती. वेगवेगळ्या शर्यतींतले धावपटू आपण शेजारी उभे करतो आहोत. खुब्याच्या बाबतीत तर तिन्ही औषधांनी धोका साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी केला.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शेवटच्या दोन चाचण्यांत औषध न मिळालेल्या स्त्रियांनाही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले जात होते. तरीही इतक्या जणींचे मणके मोडले. कॅल्शियम लागतेच, पण हाड एकदा ठिसूळ झाल्यावर तेवढ्यावर भागत नाही.

दोन औषधांची थेट गाठ घालणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत. २०१८ साली छापलेल्या एका चाचणीत मणके मोडलेल्या स्त्रियांना दोन वर्षे एकतर रोज टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन किंवा अ‍ॅलेंड्रोनेटच्याच जातीची रिसेड्रोनेटची गोळी दिली. गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी १२ जणींचा नवा मणका मोडला, इंजेक्शन घेणाऱ्यांत ५ ते ६ जणींचा. म्हणजे ज्यांचे मणके आधीच दबले आहेत, त्यांच्यासाठी हाड बांधणारे हे महाग इंजेक्शन उजवे ठरते. ते झाल्यावर मात्र दुसरे औषध चालू करावे लागते, नाहीतर कमावलेले हाड पुन्हा जाते.

घरच्यांनी खरे सांभाळायचे ते डेनोसुमॅबचे. सहा महिने झाले, पाय मोकळा वाटतो, इंजेक्शन महाग आहे, तेव्हा पुढच्या वेळी बघू, असे इथे चालत नाही. ते मध्येच सोडले की हाड वेगाने झिजते आणि काही स्त्रियांचे एकाच वेळी अनेक मणके दबतात. पुढचा खर्च आणि फेऱ्या जमणार नसतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

गोळीचा नियम कडक आहे: उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. चहाबरोबर घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा तास आधी उठून घेता येते. आठवड्यातून एकच दिवस आहे. सलाईनचे वेगळे आहे. त्याआधी किडनीची तपासणी लागते, पाणी भरपूर प्यावे लागते, आणि पहिल्या खेपेला एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. तेव्हा त्याची तारीख रमजानच्या आधीची किंवा ईदनंतरची मागून घ्यावी.